धोंड्याच्या जेवणातला होकार

आमचा जावई माणसं पाडतो. पुण्यातल्या नातेवाइकांना मी शेवटी असंच सांगायला लागलो, कारण नीट समजावून सांगायला गेलं की बोलणं हमखास भलतीकडे जायचं. जावई फुटबॉल खेळतो. म्हणजे पायाने? नाही, हाताने. मग त्याला फुटबॉल का म्हणतात? मला माहीत नाही. बरं, पण नोकरी काय करतात? हीच नोकरी. इथवर आलं की फोनवरून माझा आत्तेभाऊ म्हणायचा, "असू दे. मुलगी सुखात आहे ना?"

मुलगी सुखात होती. नवऱ्याच्या दंडाला लटकून चालायची. तो डच, सहा फुटांच्या वर, मान आणि डोकं जवळपास एकाच रुंदीचं. पहिल्यांदा घरी आला तेव्हा आमच्या जेवणाच्या खुर्चीवर इतक्या जपून बसला की मला त्याचीच काळजी वाटली. बायकोने केलेली थालीपिठं तो खात गेला आणि ती करत गेली, आणि माझ्या सगळ्या हरकती त्या तव्यावर संपल्या. बायको त्याच्याबद्दल बोलताना 'ते' म्हणते. मी 'तो'च म्हणतो. एवढ्या मोठ्या मुलाला अहोजाहो केलं तर तो आणखी मोठा होईल, असं मी तिला म्हणायचो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक संघ चेंडू घेऊन पुढे जातो आणि दुसरा त्याला अडवतो. जावई अडवणाऱ्यांतला. त्याच्या जागेला लाइनबॅकर म्हणतात. दुसऱ्या फळीत उभं राहायचं, समोरच्यांच्या पायांच्या ठेवणीवरून चेंडू कुणीकडे जाणार ते ओळखायचं, आणि चेंडूवाला तिथे पोचायच्या आत आपण पोचून त्याला आडवा करायचा. चेंडू स्वतःच्या हातात क्वचितच येतो. मी आयुष्यभर इथे नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम केलं. आमच्या यंत्रांना शेजारून ट्रक गेला तरी सोसत नाही, त्यांच्याखाली खास पाया घालावा लागतो. आणि माझ्या जावयाची अख्खी नोकरी धक्के देण्याची आणि खाण्याची.

लहानपणी तो जर्मन सरहद्दीजवळच्या एका गावात राहायचा. साध्या फुटबॉलच्या मानाने फारच थोराड होता, म्हणून कुणीतरी त्याला या खेळाच्या क्लबात नेलं. तिथे चिखलात लोळायला मिळायचं, ते त्याला फार आवडलं. मग अमेरिकेत कॉलेजसाठी खेळायला गेला. पुढे तिथल्या एका मोठ्या व्यावसायिक संघाने त्याला उन्हाळी सरावाला बोलावलं. सराव संपत आला तेव्हा एका सकाळी कुणीतरी त्याच्या दारावर टकटक केली आणि सांगितलं, साहेबांनी बोलावलंय, टॅब घेऊन ये. त्या टॅबवर संघाच्या सगळ्या चाली असतात. तो परत मागितला म्हणजे तुम्हाला काढून टाकलंय, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. जावई हे हसत सांगायचा. पण ही गोष्ट तो फार वेळा सांगायचा.

त्यानंतर तो जर्मनीतल्या एका संघाकडून खेळायला लागला. हंगामात सरावाला सरहद्द ओलांडून जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. डोक्याला मार बसणं त्या खेळात चालूच असतं. त्यालाही बसला होता, अमेरिकेत आणि नंतरही. किती वेळा, हे विचारलं की तो विषय हसण्यावारी न्यायचा. यंदा वसंतात एका डॉक्टरने त्याला आणि मुलीला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की आणखी एखादा जोराचा धक्का बसला तर पुढे विचार करण्यावर, स्मरणशक्तीवर कायमचा परिणाम होऊ शकतो. मुलीने आम्हाला हे सांगितलं तेव्हा ती डचमध्ये बोलत होती. लहानपणापासून ती मराठीला उत्तरं डचमध्ये नाहीतर इंग्रजीत देत आली आहे. शेवटी ती म्हणाली, त्याने खेळणं थांबवावं, एवढंच मला हवंय. जावयाचं म्हणणं होतं, एकच हंगाम.

त्या हंगामाच्या सुरुवातीच्याच एका शनिवारी आम्ही तिघं सामना बघायला गेलो होतो. चेंडूवाला कडेने निघाला, जावई त्याला आडवा गेला, आणि त्याच वेळी जावयाच्याच संघातला एकजण दुसरीकडून येऊन त्या ढिगावर पडला. त्याचा गुडघा जावयाच्या हेल्मेटवर बसला. आवाज वर आमच्यापर्यंत आला. जावई लगेच उठला. तो नेहमीच लगेच उठतो. अंगावरचं गवत झटकलं आणि चालत जाऊन समोरच्या संघाच्या खेळाडूंच्या रांगेत उभा राहिला.

लोक हसले. माझ्या शेजारचे जर्मन गृहस्थही हसले. मला काही कळायच्या आत मुलगी उभी राहिली होती. समोरच्या संघातल्या एका खेळाडूने जावयाच्या कोपराला धरलं आणि त्याला हळूहळू मैदान ओलांडून त्याच्या बाजूला आणून सोडलं. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून द्यावा, तसं. डॉक्टरांनी त्याला तिथेच तपासलं, त्या दिवशी पुन्हा मैदानात जाऊ दिलं नाही, आणि विश्रांती घ्यायला सांगून आमच्याबरोबर घरी पाठवलं.

आता दुसऱ्या दिवशी त्याचं आमच्याकडे जेवण ठरलेलं होतं. अधिक महिना सुरू झाला होता आणि जावयाला धोंड्याचं जेवण द्यायचं होतं. मागच्या अधिकात त्यांचं नवंनवंच लग्न झालं होतं. तेव्हा पाटावर बसवून पाय धुतात, नारायण मानून ओवाळतात आणि वर तेहतीस अनारसे देतात, हे बघून तो इतका खूश झाला की त्याने स्वतःच्या आईला फोन लावून, तू मला असं कधीच का केलं नाहीस म्हणून चिडवलं होतं. यंदा बायकोने अनारशांचं पीठ कधीच करून ठेवलेलं. शनिवारी रात्री ती मुलीला म्हणाली, राहू दे, पुढच्या रविवारी करू. पण सकाळी जावयाचाच निरोप आला की मी येणार, झोपून कंटाळा आलाय.

तो आला. हळू चालत होता, पण बोलत होता, सगळ्यांना ओळखत होता. बायकोने निरांजन लावलं आणि ती ओवाळायला पुढे झाली, तसा त्याने डोळ्यांवर हात घेतला आणि लगेच माफी मागितली. ती एवढीशी ज्योतही त्याला सहन होत नव्हती. बायको ताम्हन घेऊन तशीच स्वयंपाकघरात गेली, निरांजन ओट्यावर ठेवलं आणि नुसती सुपारी आणि अंगठी घेऊन परत आली. तेवढ्यानेच तिने त्याला ओवाळलं. ओट्यावरचं निरांजन आम्ही जेवेपर्यंत तिथेच जळत होतं.

त्याने एक धोंडा कसाबसा खाल्ला. मला ते बघवेना. मी देवाधर्मातला माणूस नाही, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एक तर्क आला आणि तो मला फार पक्का वाटला. एवीतेवी या माणसाला आज आपण देव मानलंय. देवाकडे मागायची तर रीतच आहे. मी इंग्रजीत त्याला ते समजावलं आणि म्हटलं, "तेव्हा आज मी मागणार आहे."

"अहो, जावयाकडे कसलं मागताय?" बायको म्हणाली.

"देवाकडे मागतोय."

जावई अर्धवट डोळे मिटून ऐकत होता. मी म्हटलं, "खेळणं सोड. हा हंगामही नको. इथेच थांब."

त्याने समोरचं ताट सावकाश बाजूला सारलं. मग त्याने माझा हात हातात घेतला. माझा हात त्याच्या पंजात पार दिसेनासा झाला. "ओके, बाबा," तो म्हणाला. "सोडलं. मलासुद्धा भीती वाटायला लागलीय." मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. ती रडत होती आणि आम्हाला ऐकू जाऊ नये असं तिला वाटत होतं. मला मात्र इतकं हलकं वाटलं की मी त्याच्या वाटणीचेही दोन धोंडे खाल्ले.

पुढचे काही आठवडे तो दिवसभर आमच्याकडेच असायचा. मुलगी शाळेत शिकवते, आणि त्याला एकट्याला ठेवायचं नव्हतं. मी घरूनच काम करत होतो. त्याला अंधार आणि शांतता हवी होती, आणि या देशात उन्हाळ्याच्या तोंडाशी नेमक्या त्याच दोन गोष्टी मिळत नाहीत. सूर्य रात्री दहापर्यंत मावळत नाही. आमच्या झोपायच्या खोलीचे पडदे नावाला. मी काचांवर आतून अॅल्युमिनियमची फॉइल चिकटवली. दोन दिवसांनी शेजारच्या बाई अतिशय सभ्यपणे विचारायला आल्या, सगळं ठीक आहे ना? इथे खिडक्या अशा झाकल्या की आत गांजा लावलाय असा संशय घेतात. मी त्यांना आत नेऊन अंधारात झोपलेला जावई दाखवला. त्यांनी दुसऱ्या दिवशी सूप आणून दिलं.

कुकरची शिट्टी त्याला डोक्यात घण घातल्यासारखी लागायची, म्हणून बायकोने कुकर वरच्या फळीवर टाकला. वरण उघड्या पातेल्यात तासन्‌तास रटरटत असायचं. मिक्सर बंद, त्यामुळे चटणी बंद. कपबशासुद्धा आम्ही टॉवेलवर ठेवायचो. मला त्या सगळ्याचा त्रास व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी मजेत होतो. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं आणि यापुढे होणार नव्हतं. मी आत्तेभावाला फोन करून सांगितलंसुद्धा, "सोडतोय तो. मला शब्द दिलाय."

हळूहळू तो सुधारला. आधी पडवीत बसायला लागला, मग सायकलवरून चक्कर मारायला लागला. मी फॉइल काढून टाकली. काचांवर चिकटपट्टीचे डाग राहिले ते राहिलेच. एका दुपारी आम्ही तिघं स्वयंपाकघरात जेवत होतो. जावयाने डब्यातलं लोणचं वाढून घेतलं आणि बायकोला विचारलं, "आई, तो स्पेशल महिना चालू आहे ना? माझं जेवण कधी? मागच्या वेळेपासून मी वाट बघतोय."

बायकोच्या हातातला डाव पातेल्यावर तसाच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. जावई हसत होता आणि उत्तराची वाट बघत होता. शेवटी बायकोच म्हणाली, "या रविवारी. पीठ उरलंय."

मला आधी संताप आला. शब्द फिरवायचा तर सरळ फिरवावा, हे नाटक कशाला? मी मागे सायकलींच्या खोपटात जाऊन उगाच एका चाकात हवा भरत बसलो. चांगल्या फुगलेल्या चाकात. संध्याकाळी मुलगी त्याला न्यायला आली तेव्हा मी तिला तिथेच गाठलं आणि जे झालं ते सांगितलं. ती खोपटाच्या दाराला टेकून उभी राहिली.

सामना त्याला आठवत नाही हे तिला माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो आमच्यात बसून बोलला होता, म्हणून रविवार त्याच्याकडे शाबूत आहे असं ती धरून चालली होती. ती रोज रात्री वाट बघत होती, की आज तो स्वतःहून म्हणेल, मी संघाला कळवलं. त्याला घाई करायची नाही म्हणून ती त्या विषयावर बोलतच नव्हती. आम्हीही त्याच भिडेने बोललो नव्हतो. सगळं घर मूग गिळून बसलं होतं, आणि ज्याच्यासाठी बसलं होतं त्याला काही ठाऊकच नव्हतं. देवाने तथास्तु म्हटलं आणि तो विसरला.

मुलीने दुसऱ्याच दिवशी संघाच्या डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, मार बसल्यानंतरचा एखादा दिवस असा पुसला जातो, तो परत येत नाही, पण आताच्या चाचण्या सगळ्या चांगल्या आहेत. धोका त्याला पुन्हा समजावून सांगू, निर्णय त्याचा. मला ते पटेना. मी आमच्या हाउसआर्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला फोन लावला. ते त्याचेही डॉक्टर. पुण्यात असतो तर आमच्या डॉक्टरांनी जावयाला बोलावून झापलं असतं आणि वर मला चहाला थांबवलं असतं. इथे फोनवरच्या बाई म्हणाल्या, प्रौढ पेशंटबद्दल आम्ही दुसऱ्या कुणाशी बोलू शकत नाही. मी म्हटलं, दुसरा कुणी नाही, सासरा आहे. त्यांनी विचारलं, तुमची स्वतःची झोप व्यवस्थित होते का? मी फोन ठेवला.

रविवारी बायकोने सगळं पुन्हा केलं. पुरण, धोंडे, अनारसे. मिक्सर लावला आणि जावई शेजारी उभा राहून खोबरं टाकत होता. ओवाळताना त्याने निरांजनाकडे डोळे भरून पाहिलं. पापणीसुद्धा लवली नाही. पोटभर जेवला, बायकोची चेष्टा केली, आणि अनारसा मोडता मोडता म्हणाला की शुक्रवारी सगळ्या परवानग्या मिळाल्या, मंगळवारपासून सराव. तो बरा झाला होता. त्याची तब्येत बघून मला इतकं हताश कधीच वाटलं नव्हतं.

मी पुन्हा मागितलं. तेच शब्द, तसेच. देव मानलंय, देवाकडे मागतोय, खेळणं सोड. माझा आवाज मलाच पाठ केलेल्या धड्यासारखा वाटत होता.

या वेळी तो लगेच बोलला, आणि फार मायेने बोलला. "बाबा, दुसरं काहीही मागा. हे नका मागू. एकच हंगाम राहिलाय. मला अर्ध्यातून नाही निघायचं. पुन्हा कुणी दारावर टकटक करून काढल्यासारखं नाही."

"तू हो म्हणाला होतास," मी म्हटलं. "याच खुर्चीत. माझा हात धरून."

त्याने मुलीकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली. मग त्याने बायकोकडे पाहिलं आणि तिने ताटातल्या अनारशांकडे बघत मान हलवली. मी त्याला सगळं सांगितलं. सुपारीने ओवाळलेलं, एक धोंडा, भीती वाटते म्हणालास ते. तो ऐकत होता, पण दुसऱ्याच कुणाची तरी हकिगत ऐकावी तसा.

"म्हणालो असेन," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही खोटं कशाला सांगाल? पण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आजारी माणसाचा शब्द कसा धरायचा, बाबा? आता मी बरा आहे. आता मला विचारा."

"आत्ताच विचारलं."

"हो," तो म्हणाला. "आणि मी नाही म्हटलं. सॉरी."

घाबरलेला, उजेड न सोसणारा तो जावई मला जास्त शहाणा वाटला होता, पण हे त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं? तो उठला, खाली वाकून त्याने आम्हा दोघांना नमस्कार केला, कुणी न सांगता, आणि पुन्हा जागेवर बसला. बायकोने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला.

मुलीने त्याच्या पानात आणखी एक अनारसा वाढला. मग माझ्याकडे न बघता, त्याला कळू नये म्हणून, तिने मराठीत विचारलं, "बाबा, आजचं तरी त्याला आठवेल ना?"

मी तिला हो म्हणालो.